मोबाईलवरील जयभीम

धर्मांतरित कुटुंबास जुने सोयरे दुरावतात. अशा वेळी मोबाईलवरील समूहाचा सकाळचा 'जयभीम' त्यास केवढा धीर देतो, हे आम्ही जाणतो. परंतु घरात मयत झाले तर त्या समूहातून खांद्यास चौघे तरी येतील काय? वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळाले. तो त्यांचा हक्कच होता! मात्र चाळीचा समाईक व्हरांडा गेला आणि दारे मिटली. समूहावर नित्य कमळे धाडणाऱ्यास शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. नायगाव-परळच्या विहारांना आमची विनंती आहे : ज्याचा निरोप आठ दिवस आला नाही, त्याच्या दारी रविवारच्या वंदनेनंतर दोघांनी जावे. नवदीक्षितांकडे आधी जावे.