जोडपी बसतील!

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी सायकलमार्गाच्या बैठकीला चालत गेले. माझ्या सायकलची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: ती जिन्याखाली उभी आहे, सोसायटीची तिसरी नोटीस तिच्या कॅरियरला अडकवलेली आहे आणि ती मी काढलेली नाही, कारण पहिल्या दोन काढल्या तेव्हा लगेच पुढची आली.

विषय थोडक्यात सांगून टाकते. आमच्या भागातून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट काढायची आहे. पर्याय तीन. अ म्हणजे कालव्याच्या काठाने, ब म्हणजे सोसायट्यांच्या मागच्या बोळातून, क म्हणजे मुख्य रस्त्याच्या कडेने. कालवा म्हणजे आपला मुठा उजवा कालवा, खडकवासल्याहून निघून शहर ओलांडून हडपसरवरून इंदापूरकडे जाणारा. तो जलसंपदावाल्यांचा, रस्ते शहराचे, त्यामुळे काठावरची झाडं कोणाची हा प्रश्न झाडांनाही पडत असेल. तर या तीन पर्यायांवर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. छापील अर्जावर वरच 'हरकत / सूचना (लागू नसेल ते खोडावे)' असं आहे. टेबलावर भरून आलेल्या अर्जांची चळत होती, तिच्यातले वरचे आठ-दहा मी बघितले. प्रत्येकाने 'सूचना' खोडली होती.

मी मात्र गेले होते चांगल्या मनाने. पुण्यात सायकलचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक सुस्कारा तयार असतो, 'सायकलींचं शहर होतं हो!' आणि सुस्कारा टाकणारा स्कूटरवरून आलेला असतो. स्वारगेट-कात्रज बीआरटी २००६ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा त्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी पट्टे आखलेले होते. त्यांवर कालांतराने काय काय उभं राहिलं ते सातारा रोडवाल्यांना विचारा. २०१७ मध्ये शहराचा मोठा सायकल आराखडा झाला. त्याच सुमाराला मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, दीड-दोन वर्षं चौकाचौकांत दिसल्या आणि पाहुण्यांसारख्या न सांगता निघून गेल्या. एवढं सगळं पाहूनही मी अकराच्या ठोक्याला हजर होते, याची नोंद घ्यावी.

भिंतीवर मोठा नकाशा लावला होता आणि त्यावर तीन रंगांच्या रेघा होत्या. येणारा प्रत्येकजण आधी आपली इमारत शोधायचा, तिच्यावर बोट ठेवायचा आणि तिथून रेघ किती लांब आहे हे बोटांच्या पेरांनी मोजायचा. रेघ दोन पेरं लांब असली की चेहरा उजळायचा आणि तो माणूस सायकलचा पुरस्कर्ता व्हायचा. कालव्यालगतच्या सोसायटीतल्यांना ब हवा होता, बोळालगतच्यांना अ, आणि मुख्य रस्त्यावरच्या दुकानदारांच्या मते अ आणि ब दोन्ही उत्तम होते. समजावून सांगायला एक तरुण अभियंता मुलगी होती. ती सगळ्यांना काका-काकू म्हणत होती आणि सगळे तिला मॅडम म्हणत होते. तिचा आवाज साडेअकरालाच बसला.

एक आजोबा उठले. त्यांनी आधी स्वतःचं वय सांगितलं, मग आपण १९६१ चा पानशेतचा पूर पाहिल्याचं सांगितलं (पुण्यात हे सांगितल्यावर पुढची दहा मिनिटं कोणी अडवत नाही), आणि मग ते २०१८ वर आले. त्या वर्षी सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटली आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं. भिंत उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी पोखरली, असं खुद्द तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी सांगितलं होतं. "मग पर्याय अ ठरवताना," आजोबा म्हणाले, "त्यांच्या हरकती घेतल्यात का?" मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते बघायची मला अजून इच्छा आहे.

दुसऱ्या एका गृहस्थांनी पवईचं उदाहरण काढलं. तिथे तलावाच्या कडेने मुंबई महापालिका सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधत होती. २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि बांधलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. उदाहरण चोख होतं. पण ते देणाऱ्यांना तलाव, पाणथळ, पक्षी यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांची गाडी बोळात लावलेली असते, आणि पवईचा निकाल त्यांना तिच्यावर घालायला आच्छादनासारखा हवा होता.

आणि हो, रोज खरोखर सायकलवर किंवा पायी असणारी माणसं, म्हणजे पेपरवाला मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, चालत चार घरं करणाऱ्या मावशी, यांतलं कोणी तिथे नव्हतं. बुधवारी अकरा वाजता मावशी भांडी घासत होत्या. माझ्याच घरी.

तर असा तासभर अ, ब आणि क एकमेकांचे गळे धरून बसलेले असताना मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "मार्ग कुठूनही न्या. पण बाकडी टाकू नका. जोडपी बसतील!"

काय सांगू तुम्हाला! सभेत एकदम शांतता झाली आणि मग तिन्ही पर्यायांच्या माना एका लयीत हलल्या. पानशेतवाले आजोबा, पवईवाले गृहस्थ, दुकानदार, सगळे एकमत. बाकडी नकोत, झाडांची दाट सावली नको, दिवे मात्र भरपूर हवेत. मार्ग कुठून जावा हे न ठरताच तो कसा असू नये हे ठरलं. त्या मुलीने नाइलाजाने विचारलं, "पण काका, चालून दमल्यावर तुम्ही कुठे बसणार?" काका म्हणाले, "आम्ही घरी बसतो."

यानंतर बैठकीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी मनाने १९७७ मध्ये गेले होते.

तेव्हा आम्ही फर्ग्युसन कॉलेजात होतो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा आताचा नवरा. बसण्यासाठी बाकडी फारशी नव्हती आणि असती तरी बसायची हिंमत नव्हती, कारण पुण्यात प्रत्येक बाकड्यापासून हाकेच्या अंतरावर आपली एक आत्या राहते. डबलसीट जायची सोय नव्हती. डबलसीटला पोलीस पकडायचे, आणि पोलिसापेक्षा आत्या वाईट. मग उरायची एकच गोष्ट: सायकली हातात धरून चालायचं. दोन माणसं, दोन सायकली, मधे बोलणं. बघणाऱ्याला वाटावं की कोणाची तरी हवा गेली आहे. त्या काळी पुण्यातल्या सायकलींची हवा फार जायची.

यात एक तांत्रिक अडचण होती. सायकल माणूस डाव्या बाजूने धरतो. म्हणजे माणूस डावीकडे, सायकल उजवीकडे. करून बघा. आता अशी दोन माणसं शेजारी शेजारी चालली की डावीकडच्याची सायकल दोघांच्या बरोबर मधे येते. तीन महिने आमच्या मधे एक चोवीस इंची काळी ॲटलस होती. बोलायचं ते तिच्या हँडलवरून. वळणावर पायडल माझ्या घोट्याला लागायचं आणि तो 'सॉरी' म्हणायचा. सुरुवातीच्या आमच्या संभाषणात या शब्दाचा वाटा मोठा होता.

मग एके दिवशी तो सायकलच्या उलट्या बाजूला आला. काही बोलला नाही. सायकल डाव्या हाताला घेतली, स्वतः तिच्या उजवीकडे आला आणि मधली जागा मोकळी झाली. उलट्या बाजूने सायकल नेणं सोपं नसतं, ती सारखी अंगावर येते. त्याचं मी तेव्हा कौतुक केलं नाही. कौतुक केलं असतं तर विषय उघडा पडला असता.

विषय उघडा पाडला तो माझ्या सासूबाईंनी. ते बेलबॉटमचे दिवस. साखळी सायकलच्या उजव्या अंगाला असते, म्हणून मुलं पँटच्या उजव्या पायाला क्लिप लावायची. तरी डाग पडायचाच, पण उजव्या पायाला. तीन मुलांच्या पँटी रॉकेलने घासून सासूबाई या विषयात तज्ज्ञ झाल्या होत्या. एका रविवारी त्यांनी धुवायला काढलेली पँट वर धरली आणि मुलाला विचारलं, "डाग डाव्या पायाला कसा रे?" तो म्हणाला, "लागला असेल." त्या म्हणाल्या, "साखळी तर उजवीकडे असते. तू सायकलच्या पलीकडून चालत होतास. त्या बाजूला कोण होतं?"

त्या जन्मात कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. हे त्यांनीच मला केळवणाच्या दिवशी सांगितलं, वाटली डाळ वाढता वाढता.

मार्गाचं म्हणाल तर तोही आम्ही ठरवला होता, कोणाच्याही हरकती न मागवता. सदाशिव पेठेत जायला सरळ वाट डेक्कनवरून लकडी पुलाची. आम्ही मात्र तेव्हा नुकत्याच नव्या झालेल्या जंगली महाराज रस्त्याने उलटे शिवाजीनगरकडे जायचो, नव्या पुलावरून (हा १९२३ चा आहे, तरी नवाच) शनिवारवाड्यापाशी उतरायचो आणि सगळ्या पेठा ओलांडून घरी. दुप्पट लांब पडायचा. नियोजनाच्या भाषेत याला काय म्हणतात ते त्या मुलीला विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर मी अर्ज समोर घेतला. चालण्याच्या वाटेला इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे: मधे खांब, पेटी, टपरी काही न येता मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी. मला शंका आली. नवऱ्याला म्हटलं, चल खाली. जिन्याखालून माझी सायकल काढली, दोन्ही चाकं बसलेली, नोटीस कॅरियरला तशीच. दुसरी सायकल वॉचमनकडून दहा मिनिटांसाठी मागून घेतली. पार्किंगमध्ये आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो आणि वॉचमनने माझ्या शिवणाच्या टेपने माप घेतलं. टेप दीडच मीटरची, त्यामुळे मधे खडूची खूण करावी लागली. दोन मीटर साठ सेंटिमीटर भरलं. सोसायटीचे सेक्रेटरी गाडी लावायला आले होते, ते गाडीत बसूनच राहिले.

माप लिहून घेताना माझ्या लक्षात आलं की मी काही सांगितलेलं नसताना नवरा वॉचमनच्या सायकलच्या उलट्या बाजूला उभा होता. पँट फिकी होती. डाग पडलाच.

अर्जात मी 'हरकत' हा शब्द खोडला. खाली लिहिलं: मार्ग अ, ब, क यांपैकी कुठूनही न्यावा, रुंदी दोन मीटर साठपेक्षा कमी नसावी, शंभर पावलांवर एक बाकडं असावं आणि त्याच्यावर झाड असावं. बैठक पुढच्या वेळी रविवारी संध्याकाळी घ्यावी, हेही लिहिलं. मावशींनाही एक अर्ज दिला आहे. त्यांनी एकच ओळ सांगितली आणि मी ती त्यांच्या शब्दांत उतरवली: 'पाच वाजता अंधार असतो, तेव्हा दिवे चालू पाहिजेत.' सही त्यांची.

अर्ज दोन प्रतींत द्यायचा आहे. मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. झेरॉक्सचं दुकान समोरच आहे, पण दुपारी एक ते चार बंद असतं.