दोन गांवांमधील अंतर

अमुक दोन गांवांत अंतर किती व विमानास तेथें जावयास वेळ किती लागेल, हें हल्लीं यंत्रास विचारलें कीं क्षणांत कळतें. आमच्या वर्गांतील मुलें असलीं उत्तरें मोठ्या हौसेनें आणून दाखवितात. पर्थ ते हॉल्स क्रीक, दोन्ही पश्चिम ऑस्ट्रेलियांत. सरळ रेषेंत सुमारें १,९०० किलोमीटर, जेट विमानानें अडीच तास. अंतरास वेगानें भागिलें, झालें! गणित बिनचूक खरें. पण एवढ्यावर समाधान मानणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

इ. स. १९१७ सालीं हॉल्स क्रीकपासून दूर एका कुरणांत जिमी डार्सी नांवाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडून अत्यंत जखमी झाला. सोबत्यांनीं त्यास गाडींत घालून सुमारें बारा तासांनीं गांवीं आणिलें. गांवांत डॉक्टर नव्हता; तारकचेरी होती. पर्थहून डॉक्टर हॉलंड यांनीं तारेनें एकेक सूचना द्यावी आणि पोस्टमास्तर टकेट यांनीं खिशांतील चाकूनें शस्त्रक्रिया करावी, असा प्रकार घडला. भूल देण्याचें औषधही नव्हतें. मग डॉक्टर स्वतः निघाले; प्रथम आगबोटीनें, पुढें मोटारीनें व मिळेल त्या साधनानें. ते पोहोंचले, तों रोगी आदल्याच दिवशीं मरण पावला होता.

आतां या दोन गांवांमधील खरें अंतर कोणतें म्हणावें? नकाशावर आंकडा एकच. परंतु बातमीचें अंतर निराळें व वैद्याचें निराळें, आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्यास दुसरेंच तेवढें ठाऊक असतें.

ही गोष्ट प्रेस्बिटेरियन पाळक रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या मनास फार लागली. त्याच वर्षीं क्लिफर्ड पील नामक एका वैद्यकीय विद्यार्थ्यानें, जो तेव्हां वैमानिक झाला होता, त्यांस पत्र लिहून विमानाचा वेग व खर्च यांचा हिशेब कळविला. पील १९१८ सालीं फ्रान्समध्यें युद्धांत पडला. पुढें १७ मे १९२८ रोजीं क्वीन्सलंडांतील क्लॉनकरीहून डॉक्टर वेल्च यांस घेऊन पहिलें विमान जूलिया क्रीकला गेलें. अंतर अवघें १३० किलोमीटरांच्या आंतबाहेर. वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नव्हतें. होकायंत्र आणि खालीं दिसतील त्या खुणा, एवढाच आधार.

मूठभर वस्तीसाठीं इतका खर्च कशास, असें म्हणणारे लोक सर्वत्र भेटतात. पहिल्या वर्षीं ५० फेऱ्या होऊन २२५ रोग्यांस उपचार मिळाले. हा आंकडा लहान वाटेल त्यानें यरीहोच्या वाटेवरील याजकाचें अंतर मोजावें. तो जखमी मनुष्यापासून कांहीं पावलांवरच होता.

फ्लिनसाहेबांचें शहाणपण आम्हांस याहून दुसऱ्याच गोष्टींत दिसतें. जेथें तार नाहीं तेथील रोग्याची खबरच न आली तर विमान कोठें धाडावयाचें? म्हणून १९२९ सालीं ट्रेगर यांनीं पायानें फिरवावयाचें बिनतारी यंत्र बनविलें, आणि तें एकाकी घरांतून बसविण्यांत आलें.

यास्तव अलीकडे आम्ही उदाहरणांत एक प्रश्न जादा घालतों: एका गांवीं कोणी आजारी पडल्यास दुसऱ्या गांवाहून डॉक्टर येईतों एकंदर वेळ किती? पहिल्या दिवशीं सर्वांनीं भागाकारच केला. एका मुलीनें मात्र पाटी खालीं ठेवून विचारलें, “गुरुजी, दिवसां कीं रात्रीं?” तिला आम्ही पुरे गुण दिले.