लहानपणाचंही विचारा

स्तनाच्या कर्करोगाचा केसपेपर भरताना पाळी कितव्या वर्षी आली, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, आई-मावशीला हा आजार होता का, सगळं आम्ही विचारतो. लहानपण कसं गेलं, हे मात्र विचारत नाही. कॅन्सर वॉर्डात काम केलेली परिचारिका म्हणून सांगते, हे विचारायला हवं.

साताऱ्याकडच्या एक ताई आठवतात. केमोच्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. पंप वाजला की दचकून उठून बसायच्या. उलटी झाली तरी बेल दाबायच्या नाहीत. सलाइन लावलेल्या हातानं स्वतःच लादी पुसायला वाकायच्या. "सिस्टर, तुम्ही ओरडाल असं वाटलं." आई गेल्यावर त्या काकांकडे वाढल्या होत्या. तिथं काही सांडलं की चटका बसायचा. हे आम्हाला कळलं चौथ्या केमोला. तोवर फाइलमध्ये 'झोप लागत नाही' एवढीच नोंद होती आणि गोळी चालू होती.

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सकाळी उठल्यावर चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. मारहाणीत, उपेक्षेत, धाकात वाढलेल्या मुलीत ही लय बिघडू शकते. कुणात ते चढंच राहतं, कुणात सकाळीही पुरेसं वाढत नाही. मग मोठेपणी कॅन्सरचा ताण येऊन पडतो तो या विस्कटलेल्या घडीवर. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या २०१३च्या अभ्यासात, बालपणी भावनिक उपेक्षा सोसलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर थकवा आणि नैराश्य जास्त जाणवलं. त्याआधी, २००० साली, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आजार शरीरभर पसरलेल्या १०४ स्त्रियांची लाळ तपासली होती. ज्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात नीट उतरत नव्हतं, त्या तुलनेनं कमी जगल्या.

यावरून कुणी रुग्णाला 'लहानपणच्या दुःखामुळे तुला कॅन्सर झाला' असं मात्र सांगू नये. तसं सिद्ध झालेलं नाही, आणि बायका आधीच स्वतःची चूक शोधत बसलेल्या असतात.

हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. निदानाचा धक्का थोडा ओसरू द्यावा, नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवावं, सांगायचं नसेल तर तिथंच थांबावं. कळलं, तर अंगाला हात लावण्याआधी तिला सांगता येतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळेवर पाठवता येतं. पण ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांना एवढी सवड कुठून मिळणार? त्यासाठी प्रत्येक कॅन्सर विभागात समुपदेशकाचं पद मंजूर हवं, आणि ते भरलेलंही हवं.