सौरपंप दिला, आता वीज विकण्याचा हक्कही द्या




राज्यात सौर कृषिपंप बसवण्याच्या कामाने वेग घेतला आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते. रात्रीची थ्री फेज येण्याची वाट बघत, सापाकिरड्याच्या आणि जुन्नर-संगमनेरकडे बिबट्याच्या भीतीत ज्यांनी दारे धरली आहेत, त्यांना दिवसा पाणी देता येण्याचे मोल सांगावे लागत नाही. योजनेचे हे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. या धोरणाने शेतकऱ्याला फक्त वीज वापरणारा मानले आहे, वीज पिकवणारा मानलेले नाही. ही उणीव पुढे पैशालाही महाग पडेल आणि पाण्यालाही.

साधा हिशेब मांडतो. पाच अश्वशक्तीच्या पंपासोबत सुमारे पाच किलोवॉटची पॅनेल येतात. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर दिवसाला वीस आणि वर्षाला सात हजारांच्या आसपास युनिट तयार होऊ शकतात. पण पंप वर्षभर चालत नाही. पावसाळा बरा झाला तर खरिपात त्याची गरज पडत नाही आणि उन्हाळ्यात, ऐन कडक उन्हात, विहिरीने तळ गाठलेला असतो. निम्मी वीज जरी वापराविना राहिली असे धरले, तरी साडेतीन हजार युनिट गेले. असे एक लाख पंप असतील तर वर्षाला ३५ कोटी युनिट. पॅनेल जनतेच्या पैशातून आली, ऊन फुकट आले, आणि वीज मात्र कोणाच्याच उपयोगी पडली नाही. कारण हे पंप महावितरणच्या तारेला जोडलेलेच नाहीत.

दुसरा धोका पाण्याचा आहे. न विकता येणाऱ्या विजेला किंमत नसते. मग ऊन आहे तोवर पंप चालू ठेवण्यात शेतकऱ्याचे काही जात नाही. त्यात त्याचा दोष नाही, धोरणानेच त्याला बचतीचे कारण दिलेले नाही. तारेवरच्या पंपांची गोष्टही निराळी नाही. 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने'त साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला हा आधार हवाच होता, पण त्यातूनही वाचवलेल्या युनिटला मोल येत नाही. मराठवाड्यात आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात बोअर किती खोल गेले आहेत हे आपण सारे पाहतोच. तिथे पाणी वाचवणाऱ्याच्या हाती चार पैसे पडतील, अशीच व्यवस्था हवी.

ती व्यवस्था शेजारच्या राज्यात करून पाहिलेली आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी या लहानशा गावात २०१६ च्या सुमारास शेतकऱ्यांनी सौरऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे डॉ. तुषार शाह आणि त्यांचे सहकारी या प्रयोगामागे होते. या शेतकऱ्यांनी सौरपंप तारेला जोडून घेतले आणि शिल्लक वीज तिथल्या वितरण कंपनीला ४ रुपये ६३ पैसे दराने विकायला सुरुवात केली. अमूलचा पाया १९४६ साली घातला गेला, तो तेव्हाच्या याच खेडा जिल्ह्यात. घरात लागेल तेवढे ठेवून उरलेले दूध डेअरीला घालावे, तसेच हे काम. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली, तिचा गाभाही हाच होता.

केंद्राच्या धोरणातही हा मार्ग बंद नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम-कुसुम' योजनेचे तीन घटक आहेत. 'ब' घटकात तारेशी संबंध नसलेले स्वतंत्र पंप येतात. 'क' घटकात तारेवरचे पंप सौर करता येतात, शिवाय पंपाच्या क्षमतेच्या दुप्पट पॅनेल लावून जादा वीज विकण्याची मुभा आहे. 'अ' घटकात शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणीवापर संस्थांना पडीक जमिनीवर दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प उभारता येतात. पण देशभरात 'अ' घटकाच्या १०,००० मेगावॉटच्या उद्दिष्टातला फार थोडा भाग उभा राहिला. योजनेची मूळ मुदत २०२२ ची, ती मार्च २०२६ पर्यंत वाढवावी लागली. आपल्या राज्याने भर दिला तो स्वतंत्र पंपांवर आणि फिडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीच्या, सौरीकरणावर.

फिडर सौर करणारी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' ही मला स्वतंत्र पंपांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. उपकेंद्राजवळ प्रकल्प उभा राहतो, दिवसा पंपांना वीज मिळते, उरलेली तारेवरून इतरांना जाते. दरही युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळाले आहेत. पण मालकी कोणाची? जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला एकरी वर्षाला पन्नास हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे भाडे दोन-अडीच लाख. तेवढ्या जागेतून वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट वीज निघते, तीन रुपयांनी तिचे पंचेचाळीस लाख होतात. भांडवल, कर्ज, देखभाल विकासकाची असते, त्यामुळे मोठा वाटा त्याला जाणार हे मान्य. पण शेतकऱ्यांच्या संस्थेला हे भांडवल उभे करताच येणार नाही, असे आधीच का गृहीत धरायचे? मोठमोठ्या गटांच्या निविदा निघाल्या की गावची सोसायटी त्या शर्यतीत उभीही राहू शकत नाही.

यावर मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचे उदाहरण लगेच पुढे केले जाईल. थकबाकीत रुतलेल्या त्या संस्थेचा परवाना २०११ मध्ये संपला आणि वितरण महावितरणकडे गेले, हे खरे आहे. पण तिचे काम वीज विकत घेऊन वाटण्याचे आणि ग्राहकांकडून बिले वसूल करण्याचे होते. इथे संस्था वीज तयार करणार आणि पैसे महावितरणकडून घेणार. शेतकऱ्यांच्या संस्थांना हा व्यवहार नवा नाही. आपले कितीतरी सहकारी साखर कारखाने बगॅसपासून सहवीजनिर्मिती करून महावितरणला वीज विकतच आहेत. उसाच्या चिपाडाची वीज चालते, तर बांधावरच्या उन्हाची का चालू नये?

दुसरा आक्षेप असा की भर दुपारी सौरवीज आधीच जास्त होऊ लागली आहे. राजस्थानात पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करावी लागली, हे खरे. पण ती वीज शेकडो किलोमीटर दूर न्यायची होती. फिडरच्या टोकाला तयार होणारी वीज तिथल्याच शेजारच्या पंपात, पिठाच्या गिरणीत, दूध शीतकरण केंद्रात वापरली जाते आणि वाटेतली गळती वाचते.

म्हणून सरकारकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, जिथे तार बांधापर्यंत आली आहे तिथला प्रत्येक नवा सौरपंप तारेला जोडावा आणि दुतर्फा मीटर बसवावा, स्वतंत्र पंप तार नसलेल्या ठिकाणी द्यावेत. दोन, शिल्लक युनिटला वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर मिळावा आणि पैसे ठरल्या तारखेला खात्यावर यावेत, उशीर झाला तर व्याजासह. तीन, यापुढच्या फिडर प्रकल्पांतला ठरावीक वाटा शेतकऱ्यांच्या संस्थांसाठी राखून ठेवावा, निविदा एकेका उपकेंद्रापुरती काढावी आणि जिल्हा बँकेच्या कर्जाला राज्याची हमी द्यावी. चार, पाणलोटाची स्थिती चिंताजनक असलेल्या तालुक्यांत या सर्वांची सुरुवात आधी व्हावी.

शिल्लक साडेतीन हजार युनिटचे तीन रुपयांनी साडेदहा हजार रुपये होतात. रक्कम मोठी नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याला ठिबकचा हप्ता फेडायला ती उपयोगी पडेल, आणि पंप बंद ठेवण्याचे पहिले सबळ कारण त्याला मिळेल.

२०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे वचन भारताने ग्लासगोत २०२१ मध्ये दिले. २०२५ मध्ये स्थापित क्षमतेत अशा स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला, पण प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या विजेतली निम्म्याहून कितीतरी जास्त वीज अजून कोळशाचीच आहे. हे अंतर फक्त वाळवंटातल्या महाकाय प्रकल्पांनी भरणार नाही. मोफत वीज योजनेची मुदत २०२९ मध्ये संपते. तेव्हा सरकारने पुन्हा माफी जाहीर करायची आणि आपण पुन्हा ती मागायची, की तोवर लाखो शेतकरी स्वतःच्या विजेचे पैसे घेऊ लागलेले असतील, हे येत्या अर्थसंकल्पात ठरवावे लागेल. त्यासाठी राज्यातल्या आमदारांनी विधिमंडळात आणि खासदारांनी संसदेत हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर