सुकट निवडताना

भगिनींनो, सुकट निवडताना इतर माशांची चिमुकली पिल्ले दिसतात ना? भवानी पेठेत आपल्या तव्यावर पडणारी सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. कोकणचे लहान मच्छीमार तो डोलजाळ्याने धरतात. भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते आत शिरते. पापलेटची पिल्लेही मरतात. अंडी घालण्याआधीच पिल्लू गेले, तर उद्याचे जाळे रिकामे! वीण मोठी करावी तर जवळाच निसटतो. म्हणून केवळ गरीब मच्छीमाराला दोष देऊ नये.

पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा झाला. त्याच वर्षी साडेतेरा सेंटिमीटरहून लहान पापलेट पकडण्यास राज्याने मनाई केली. आपणही बाजारात एवढेसे पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल, तर पिल्ले कोण धरील?