मठाचे कपडे, गावाचं मौन

क्लेअर कीगन फार कमी लिहितात. विकलो परगण्यातल्या शेतकरी घरात १९६८ साली जन्मलेल्या या आयरिश लेखिकेचा पहिला कथासंग्रह १९९९ मध्ये आला. त्यानंतरच्या पाव शतकात आली ती मोजकीच पुस्तकं, बहुतेक सगळी अंगानं बारीक. 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' २०२२ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली, तेव्हा तिची पानं भरली जेमतेम ११६. त्या यादीत इतकं छोटं पुस्तक त्याआधी कधी आलं नव्हतं. एवढ्याशा मजकुराला कादंबरी म्हणायचं का, असं विचारणाऱ्यांनी पानं तेवढी मोजली असावीत.

कथा १९८५ च्या नाताळातली, न्यू रॉस गावातली. बिल फरलाँग हा कोळशाचा आणि सरपणाचा व्यापारी, पाच मुलींचा बाप. मठात माल पोचवायला गेला असता कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी त्याला सापडते. मठाच्या आवारातच 'मॅग्डलेन लॉन्ड्री' आहे. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या बायकांना अशा ठिकाणी बिनपगारी राबवलं जाई. १९२२ नंतर दहा हजारांहून अधिक जणी तिथं गेल्या. शेवटची लॉन्ड्री १९९६ साली बंद झाली. सरकारनं माफी मागितली २०१३ मध्ये.

हे सगळं चौकशी अहवालात मिळतं. कीगन यांची ताकद दिसते ती चहाच्या टेबलावर. मठाची प्रमुख फरलाँगला आत बोलावते, चहा-केक देते आणि सहज म्हणून त्याच्या मुलींच्या शाळेचा विषय काढते. शाळा मठाला लागूनच, ननांच्याच हातातली. निघताना बायकोसाठी नाताळचं कार्ड, आत पैसे. कुणाचाही आवाज चढत नाही, पण धमकीही देऊन होते आणि गप्प बसण्याची बिदागीही.

गावालाही सगळं ठाऊक असतं. हॉटेलांचे, इस्पितळाचे, बऱ्या घरांचे कपडे तिथूनच स्वच्छ धुऊन येतात. 'आपण कशाला नसती उठाठेव करा', हा बायकोचा सल्ला. खाणावळवालीही त्याला बाजूला घेऊन तेच समजावते. दोघीही दुष्ट नाहीत, हे कीगन यांनी मुद्दाम जपलंय. ननांना राक्षसिणी करून वाचकाची सुटका करणं फार सोपं होतं.

एका भल्या माणसाची गोष्ट सांगून आयर्लंडला स्वस्तात दोषमुक्त केलं, असा एक आक्षेप घेता येईल. पण फरलाँगची आईही अविवाहित होती. ज्या घरी ती कामाला होती, तिथल्या विधवेनं तिला बाळासकट ठेवून घेतलं, म्हणून तिची लॉन्ड्री चुकली. त्याचं भलेपण असं कुणाच्या तरी उपकारावर उभं आहे. शिवाय त्या मुलीला घेऊन तो आपल्या घराच्या दारापाशी पोहोचतो, तिथंच कीगन थांबतात. मुलींची शाळा, धंद्यातली गिऱ्हाइकं, घरातली भांडणं, या सगळ्याची वसुली त्यानंतर सुरू होणार आहे.