गोळ्या सुरू झाल्या, दिवसाचे काय?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला दवाखान्यात आणले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे आवाज ऐकू येणे कधी थांबेल?’ आवाज थांबले की दुसरा येतो, ‘आता कामाला कधी लागेल?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये जे महिने, कधी कधी वर्षे जातात, त्यांची जबाबदारी आपल्याकडे कोणी नीट घेत नाही. गोळ्यांनी भास आणि संशय बऱ्याच जणांत आटोक्यात येतात; पण उत्साह नसणे, लक्ष न टिकणे यांवर त्यांचा परिणाम तुटपुंजा असतो. घरात याला ‘आळस’ म्हणतात आणि रोज भांडण होते.

व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे काम इथे असते. व्यवसाय म्हणजे इथे धंदा नव्हे. दात घासण्यापासून बाजार करण्यापर्यंत माणसाचा दिवस ज्याने भरतो ते सगळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली या विषयाचे शिक्षण सुरू केले. इतकी जुनी ओळख असूनही मानसिक आजारात ‘ओटी’ म्हणजे लिफाफे चिकटवणे, मेणबत्त्या करणे, असेच अनेकांना वाटते. हात गुंतवून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. ज्याला घरी परतून वडिलांची पानटपरी सांभाळायची आहे, त्याने लिफाफे का चिकटवावेत?

समजा, तिशीतल्या एका तरुणाच्या आईला त्याची नोकरी हवी आहे. त्याला विचारले तर तो म्हणतो, ‘सकाळचे दूध मी आणीन.’ ध्येय दुधाचेच ठेवावे. ते छोटे आहे म्हणून नव्हे, त्याचे स्वतःचे आहे म्हणून. मग त्याच्या पायऱ्या पाडायच्या: उठणे, पैसे मोजून घेणे, कोपऱ्यापर्यंत चालणे, दुकानदाराशी बोलणे. अडते कुठे ते पाहायचे. शेजारी टक लावून बघतात या भीतीने दुकानात अडत असेल, तर पहिला आठवडा बहिणीने सोबत जावे, दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावर थांबावे. रात्रीच्या गोळीची झापड सकाळी नऊपर्यंत उतरत नसेल, तर दोष इच्छाशक्तीचा नाही. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते. ती मनाने बंद मात्र करू नये.

प्रगती मोजण्यासाठी अमेरिकेत किरेसुक आणि शेर्मन यांनी १९६८ मध्ये एक पट्टी सुचवली. अपेक्षेइतके झाले तर शून्य, त्याहून जास्त तर अधिक एक किंवा दोन, कमी तर उणे एक किंवा दोन. आठवड्यात तीन दिवस दूध आणणे ही अपेक्षा असेल आणि एकच दिवस जमले, तर ते उणे एक, नापास नव्हे. घरच्यांची पट्टी मात्र ‘बरा झाला’ आणि ‘नाही झाला’ एवढीच असते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ पुनर्वसन सेवांची जबाबदारी सरकारवर टाकतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी व्यवसायोपचारतज्ज्ञ सापडणे कठीण, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला गोळ्या लिहून देण्यापुरताच वेळ. तोवर घरच्यांनी रुग्णाला निदान विचारावे, ‘तुला काय करावेसे वाटते?’ ‘काही नाही,’ असे उत्तर पुष्कळदा येते. मग आजाराआधी तो काय करायचा, तिथून विचारायला लागावे.